गुळाचं पाणी

२५ ऑगस्ट, रविवार

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. दायरा तिचं नाव. दर मंगळवारी आणि शुक्रवारी खालच्या गावातून येते, अरिस्तोबुलोचे हातपाय हलवून घेते आणि त्याला बोलतं करायला बघते. ती डॉक्टर नाही, पण आमच्याकडे पांढरा कोट घातला की माणूस डॉक्टरच. वहीत तिने पट्टीने दोन रकाने आखून दिले होते, एक ‘आज काय हललं’ आणि दुसरा ‘आज काय बोलला’. पहिल्यात लिहायला थोडंफार असतं. दुसऱ्यात दोन महिने रोज तेच. म्हणून आजपासून रकाने सोडून सरळ पानभर लिहिणार. वही माझ्या घरात आहे, मला जाब कोण विचारतो?

तर २४ जूनला, सान हुआनच्या सणादिवशी, माझा नवरा जीपमध्ये केळीचे घड भरता भरता खाली बसला तो उठलाच नाही. जीप उभी होती हे नशीब. डोक्यातली शीर. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, उजवीकडचं नीट दिसेनासं झालं आणि वाचा बसली. राहिले ते फक्त दोन शब्द, मारियेच्या प्रार्थनेतले, ‘आवे मारिया’. पाणी हवं, आवे मारिया. लघवीला जायचंय, आवे मारिया. बहीण आली, आवे मारिया (हा जरा खालच्या पट्टीत). फादर हिल्दार्दो गावभर सांगतात, बघा, या पाप्याला देवाने कसं वळवलं. अडतीस वर्षं संसार केलाय मी याच्याशी. रविवारी मला चर्चच्या दारात सोडून हा बाहेर जीपमध्ये घोरायचा, आणि आवे मारिया म्हणायचा ते टायर फुटला की.

दायरा म्हणते, पहिल्या तीन महिन्यांत वाचा येते ती भराभर येते, पुढे गाडी हळू चालते. मी कॅलेंडरवर २४ सप्टेंबरभोवती शिवणाच्या खडूने गोल केलाय. एक नवीन शब्द. मला भाषण नको. एक शब्द पुरे.

“त्याच्यासमोर काहीतरी हलतं ठेवा,” असं तिने सांगितलं. टीव्ही लावला, तर झोपला. मग तिनेच लाल प्लास्टिकच्या फुलांच्या बाटल्या सुचवल्या. साखरपाणी भरायचं आणि पडवीत टांगायच्या, कोलिब्री येतात, ते फुलांतला रस पिणारे अंगठ्याएवढे पक्षी. चार आणल्या. दुसऱ्या दिवशी एक आला, चौथ्या दिवशी मला मोजता येईनात. अरिस्तोबुलो खुर्चीत ताठ बसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला पाठीमागे उशी न लावता बसलेला पाहिला.

२७ ऑगस्ट, मंगळवार

पक्षी फार चपळ आहेत, त्याची नजर पोचेपर्यंत निघून जातात, आणि उजवीकडून आले तर त्याला दिसतच नाहीत. दायरा म्हणाली, “फोटो काढा आणि टीव्हीवर मोठे करून दाखवा.” कॅमेरा माझ्या नणंदेकडे. रोसमिरा शेजारीच राहते. तिच्या नवऱ्याचा, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, गावात फोटो स्टुडिओ होता. पहिल्या कम्युनियनचे आणि लग्नांचे सगळे फोटो त्याचेच.

“ने वहिनी, पण जपून,” ती म्हणाली. “ह्यांचा जीव होता त्यात.”

“जीव तुझ्यात होता म्हणायचे ते.”

“ते लोकांसमोर.”

आज एकशे चौदा फोटो काढले. बाटली सगळ्यांत आहे. कोलिब्री एकाही नाही. एकात शेपूट दिसतं, किंवा ते माझं बोट असेल.

३० ऑगस्ट, शुक्रवार

जमलं! त्यांच्या मागे कॅमेरा फिरवायचा नाही, हे समजायला मला चार दिवस आणि साडेपाचशे फोटो लागले. हे पक्षी पिऊन झालं की आपापल्या ठरलेल्या काटकीवर जाऊन बसतात, दर वेळी तिथेच, जसा अरिस्तोबुलो जेवायला नेहमी त्याच खुर्चीत. आपण काटकीवर नेम धरायचा, श्वास रोखायचा आणि वाट बघायची. सुईत दोरा ओवताना करतो तसं.

पहिला नीट आलेला फोटो एका दांडगटाचा आहे. हिरवा, कानामागे जांभळी पट्टी, शेपटीच्या मधलं एक पीस गळालेलं. हा स्वतः कमी पितो आणि दुसऱ्यांना हाकलण्यात दिवस घालवतो. त्याचं नाव सार्जंट. टीव्हीवर त्याचा गळा बशीएवढा मोठा दिसला. मान हलली की हिरव्याचा निळा, निळ्याचा जांभळा. शाळेचे गणवेश शिवून माझे डोळे गेले, पण एकदा एका नवरीच्या पोशाखाला असं धूपछाव कापड आलं होतं आणि त्याला कात्री लावायला माझा हात धजेना.

अरिस्तोबुलोने डावा हात उचलून टीव्हीकडे बोट दाखवलं. “आवे मारिया,” म्हणाला, पण वेगळ्याच सुरात. दायराने लिहून घेतलं. मीही लिहिते.

१ सप्टेंबर, रविवार

आज चर्चला गेले नाही, फोटो काढत बसले. रोसमिरा म्हणाली पाप लागेल. लागो.

आणखी दोघांना नावं दिली. पायात पांढऱ्या लोकरीचे मोजे घातल्यासारखा दिसणारा तो मोजेवाला. लांब निळ्या शेपटीचा तो बिशप. अरिस्तोबुलोला फोटो दाखवून विचारते, “सार्जंट कोणता?” आणि तो बोट दाखवतो. दहातले आठ बरोबर! बाटल्यांवर दिवसभरात चाळीसएक तरी येत असतील. आणि त्याचे ओठ हलताहेत. आवाज नाही, पण हलताहेत. मी पाहिलंय.

३ सप्टेंबर, मंगळवार

साखर संपली. बाजारात पाठवायला कोणी नव्हतं, तेवढ्यात रोसमिरा आली.

“पांढरी साखर घालतेस? वहिनी, ते विष असतं. गिरणीत हाडांच्या कोळशातून काढतात म्हणे. गूळ घाल ना!”

“पक्ष्यांना?”

“का, पक्ष्यांना ताकद नको? तू कशावर वाढलीस? मी कशावर वाढले?”

खरंच आहे. आमच्या डोंगरात मूल जन्मलं की बाटलीत गुळाचं पाणी. सर्दी झाली, पडलं झडलं, बाळंतपण झालं, नवरा सोडून गेला, की गुळाचं पाणी. अरिस्तोबुलोही इस्पितळातून आला तेव्हापासून रोज सकाळी तेच पितो. मी ढेपेचा एक कोपरा फोडला, छान उकळलं, गार केलं आणि चारही बाटल्या भरल्या. पाणी कसं चहासारखं सुंदर दिसतंय. साखर आपली बिनरंगाची, गुळात निदान काही सत्त्व तरी असतं.

अरिस्तोबुलो मी भरताना बघत होता. “आवे मारिया, आवे मारिया,” दोनदा. त्यालाही हवं असेल म्हणून एक कप दिलं. प्यायला नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

पिताहेत. सार्जंटने जीभ लावली आणि डोकं झटकलं, पण तो जन्माचा कुरकुऱ्या. रोसमिराने आज माझ्या जेवणघराची मोठी खिडकी व्हिनेगर आणि वर्तमानपत्राने घासून दिली, काच आहे की नाही कळू नये इतकी लख्ख. या बाईचं तोंड चालतं तसे हातही चालतात हे कबूल करायला हवं.

८ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून अकरा. मी मोजले. अकरा.

दुपारी पडवी झाडताना खिडकीखाली मोजेवाला सापडला. पाठीवर पडलेला, मोजे वर. हातात घेतला तर वजनच नाही, दोऱ्याच्या रिकाम्या रिळालाही याहून जास्त असतं. सुपारीएवढ्या छातीत काही धडधडत नव्हतं. काचेवर बोटभर डाग होता, त्याला बारीक पिसं चिकटलेली. रोसमिराने बघितलं तर बोलेल म्हणून तो पुसून टाकला.

अरिस्तोबुलो डुलकी घेत होता. त्याला दिसायच्या आत मी पक्षी बटणांच्या डबीत ठेवला आणि गुलाबाखाली पुरला. माझ्या मनात नको ते येतंय. इथे लिहीत नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

एकही नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

दायरा आली, ओस पडलेल्या पडवीकडे बघून म्हणाली, “आज पाहुणे सुटीवर वाटतं?” आणि मग अरिस्तोबुलोचा हात चोळता चोळता सहज बोलून गेली, “माझ्या मावशीकडे पण येतात. तिथल्या अभयारण्यातल्या माणसाने बजावलंय, फक्त पांढरी साखर, एकास चार पाणी. मध नाही, गूळ तर अजिबात नाही. गुळाने बुरशी धरते, त्यांच्या जिभेला लागते, जीभ सुजते आणि खाता येत नाही. शिवाय गुळातलं लोह त्यांना सोसत नाही.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून ओट्याला धरून उभी राहिले. माझी पाचावर धारण बसली.

ती गेल्यावर बाटल्या उतरवल्या. लाल फुलांच्या आत काळं धरलं होतं, बोट घातलं तर बुळबुळीत, वास आंबलेला. सात दिवस मी हे पाजलं. उकळत्या पाण्याने चार वेळा धुतल्या, ब्रशने घासल्या, पांढरी साखर भरून परत टांगल्या. आता कुणासाठी, माहीत नाही. चाळीस जिवांना मी माझ्या हाताने मारलं. सुजलेल्या जिभेने ते कुठेतरी झाडीत पडले असतील, आणि मी म्हणत होते, पाणी कसं सुंदर दिसतंय!

कुणाला सांगितलेलं नाही. रोसमिराला सांगणं म्हणजे चर्चच्या भोंग्यावर सांगणं, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि अरिस्तोबुलोला कशी सांगू? दोन महिन्यांनी त्याला एक आनंद मिळाला होता, तोही मीच काढून घेतला. त्याला म्हटलं, “मोसम संपला, म्हाताऱ्या. येतील परत.” त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी तिथून उठले.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज त्याने दिवसभर डाव्या हाताने समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. खुर्चीचा हात आपटत होता. “आवे मारिया! आवे मारिया!”

“काय हवंय? पाणी? पांघरूण? लघवी?”

नुसती मान हलवतो. पुन्हा डोंगर. डोंगराच्या त्या अंगाला आहे काय? दरी, कॉफीचे मळे आणि वर सान होसेचं देऊळ. देऊळच दाखवतोय. उद्यापरवा वर जाणार असल्यासारखा हा देव आठवायला लागलाय. फोटो दाखवले की तोंड फिरवतो. ओठ हलायचे थांबलेत.

१४ सप्टेंबर, शनिवार

एवेलियो येऊन गेला. याच्या जीपस्टँडवरचा तीस वर्षांचा जोडीदार. आता अरिस्तोबुलोच्या फेऱ्याही तोच करतो, आणि येताना कधी रिकाम्या हाताने येत नाही. आज रताळी आणली. जीप दारात उभी केली तर टपावर, बॉनेटवर, काचेच्या पट्टीत सगळीकडे पांढऱ्या दोऱ्यांचे फुललेले गोंडे.

“हे काय, लग्नाची गाडी केलीस?”

“अहो नोएमीबाई, ला क्लाराच्या मळ्यातून आलो. कॉफीवर सावलीला लावलेले ग्वामो असे बहरलेत, रस्ता पांढरा झालाय. मजूर वर मान करत नाहीत, माश्या डोळ्यात जातात म्हणून. काय रे दोस्ता, गाडी आठवते का?”

अरिस्तोबुलोने हात लांब करून बॉनेटवरचा एक गोंडा उचलला. माझ्या नाकाशी धरला. मग डोंगर दाखवला. मग गोंडा. मग डोंगर. “आवे मारिया!” डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या.

माझ्याही आलं. किती वर्षांत या माणसाने मला फूल दिलं नव्हतं, आणि आज दिलं ते माझ्यासाठी नव्हे, देवासाठी. मी तो गोंडा ग्लासात घालून मारियेच्या तसबिरीपुढे ठेवला. त्याने कपाळावर हात मारून घेतला. क्रूस करायला गेला असेल, पण डाव्या हाताने कुठला नीट होतोय.

१५ सप्टेंबर, रविवार

त्याला चर्चमध्ये प्रार्थनेला नेलं. एवेलियो आणि मी दोघांनी धरून. फादर हिल्दार्दोंनी व्यासपीठावरून नाव घेतलं, लोक रडले. अरिस्तोबुलो मात्र पूर्ण वेळ बाहेर उभ्या जीपकडे बघत होता. घरी आल्यावर जेवला नाही.

मी स्वतः पापाच्या कबुलीला बसणार होते. फादर जिच्याआड बसतात त्या जाळीपर्यंत गेले. पण फादरांना काय सांगायचं, की मी चाळीस खून केले? ते विचारतील कुणाचे. परत आले.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज मी फार वाईट केलं. जुने फोटो टीव्हीवर लावले आणि म्हटलं, “बघ, आजचेच आहेत! सार्जंट आला होता सकाळी, तू झोपला होतास.” त्याने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग डोळे मिटून घेतले. सकाळभर तो टक्क जागा होता, पडवीतच होता.

दायराने हात उचलायला सांगितला, उचलला नाही. ओठ मिटा, फुगवा, काही नाही. जाताना मला दारात म्हणाली, “मागच्या आठवड्यापर्यंत छान चाललं होतं. एकदम काय झालं? घरात काही घडलं का?”

“नाही,” मी म्हणाले. “काहीच नाही.”

चोराच्या मनात चांदणं. ती गुळाच्या ढेपेकडेच बघतेय असं मला वाटत राहिलं. आता सातच दिवस उरलेत. शब्द यायचा होता, माझ्यामुळे मागे फिरला. आजपासून रोज रात्री जेवताना याच्यासमोर बसायचं आणि तोंड शिवून घ्यायचं, ते मला जमणार नाही. दोघांपैकी एकाने तरी खरं बोलायला हवं, आणि त्याला तर बोलता येत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज सगळं लिहून काढणार.

सकाळी एवेलियोची जीप दारात आली. तो मला दूध द्यायला आत आला आणि गप्पा मारायला लागला, तेवढ्यात पडवीत काठी आपटल्याचा आवाज. बाहेर जाऊन बघते तो अरिस्तोबुलो उभा. एकटा. काठी टेकत, उजवा पाय ओढत जीपकडे निघालेला. मी धावले तर एवेलियोने माझा दंड धरला. “थांबा, नोएमीबाई. जाऊ द्या.” सात पावलं. मी मोजली. जीपच्या दाराला हात घातला आणि आमच्याकडे वळून ओरडला, “आवे मारिया!” हा टायर फुटल्यावरचा आवे मारिया होता. अस्सल.

“याला फेरी मारायचीय,” एवेलियो म्हणाला. “काय दोस्ता? कुठे, देवळात?”

त्याने खिडकीवर थाप मारली. नाही.

“मग खाली गावात?”

नाही. डोंगर. मग बॉनेटवर अडकलेला एक सुकलेला गोंडा उचलून त्याने एवेलियोच्या छातीवर फेकला.

“ला क्लारा?”

अरिस्तोबुलोने डोळे मिटून मान मागे टाकली, एकदाची कुणाला तरी अक्कल आली, अशा थाटात.

त्याला पुढे बसवलं, मी मागे रिकाम्या पोत्यांवर. वीस मिनिटं धक्के खात दरी ओलांडली. कॅमेरा माझ्या गळ्यात कसा राहिला मला आठवत नाही. मळ्याच्या फाटकाशी जीप थांबली, एंजिन बंद झालं, आणि मला वाटलं ते अजून चालूच आहे. सगळी हवा गुंगत होती.

ग्वामोची झाडं डोक्यावर पसरलेली, कॉफीच्या झुडपांवर छत्री धरल्यासारखी, आणि प्रत्येक फांदीवर पांढरे गोंडेच गोंडे. आणि गोंड्यागोंड्यावर कोलिब्री. हिरवे, तपकिरी, पांढऱ्या पोटाचे. दोन बिशप लांब शेपट्या घेऊन एकमेकांच्या मागे लागलेले. एवढे एका वेळी मी जन्मात पाहिले नव्हते. मी तोंडावर हात धरला.

“दरवर्षीचं आहे हे,” एवेलियो बिडी पेटवत म्हणाला. “ग्वामो फुलला की अभयारण्यातल्या बाटल्यांनासुद्धा कुत्रं विचारत नाही. बहर ओसरला की येतात आपापल्या घरी. तुमच्या नवऱ्याला विचारा, तीस वर्षं याच रस्त्याने गाडी हाकलीय त्याने.”

मी विचारलंच नव्हतं. मी त्याला पाणी विचारलं, पांघरूण विचारलं, देव विचारला.

आणि मग फाटकाच्या तारेवर, माझ्यापासून पाच हातांवर, एक येऊन बसला. जांभळी पट्टी. दुसरा जवळ आला तसा याने त्याला पार मळ्याच्या टोकापर्यंत हाकललं आणि परत तिथेच तारेवर. शेपटीच्या मधलं पीस गायब. जीभ काढून त्याने चोच पुसली. बारीक, सडसडीत, चांगली तल्लख जीभ! सूजबीज काही नाही.

मी मटकन पोत्यांवर बसले आणि रडायला लागले. जिवात जीव आला म्हणतात ते खरंच छातीत कळतं, आज कळलं. आणि रडता रडता सगळं तोंडातून बाहेर पडलं, एवेलियोसमोर, दोन मजुरांसमोर. “म्हाताऱ्या, मला वाटलं मी मारले. मी गुळाचं पाणी घातलं होतं त्यांना. सात दिवस. काळं पडलं होतं रे आत. एक मेला, मी तुला न सांगता पुरला. आणि ते फोटो खोटे होते. सगळं खोटं बोलले तुझ्याशी.”

अरिस्तोबुलोने जीपमधून मान वळवून माझ्याकडे बघितलं. तोंडाची डावी बाजू वर गेली. हसत होता. खांदे हलायला लागले, घशातून कसलातरी घरघराट आला, मला वाटलं ठसका लागला. ओठ मिटले, उघडले, जिभेने जागा शोधली.

“खुळे,” तो म्हणाला.

एवेलियोची बिडी खाली पडली.

“काय म्हणालास?” मी म्हणाले.

“खुळे.” स्वच्छ. पहिल्यापेक्षा मोठ्याने.

अडतीस वर्षांत हा शब्द त्याने मला हजारदा ऐकवला असेल आणि हजारदा मी त्याला उलट ऐकवलंय. आज मी पोत्यांवरून उतरले, जीपच्या दाराशी गेले, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, पुन्हा म्हण. त्याने पुन्हा म्हटलं. मजूर टाळ्या वाजवायला लागले. एकही फोटो काढला नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

काल शुक्रवार असूनही दायरा आली नव्हती, तिला फोन करून सांगितलं. ती ओरडली, मग नाक ओढलं, मग मला गुळाबद्दल चांगलं फैलावर घेतलं. आणखी पंधरा दिवस चाललं असतं तर खरंच मेले असते म्हणाली. ग्वामो वेळेवर फुलला म्हणून वाचले. मी सुटले आहे, पण निर्दोष नाही, हे इथे लिहून ठेवते.

मोजेवाला कुठे सापडला ते विचारलं. खिडकीखाली, म्हटलं. “काच पुसली होती का?” तिने विचारलं. मला रोसमिराने घासलेली लख्ख काच आणि तिच्यावरचा तो डाग आठवला. मग कात्रणाच्या पेटीतून रंगीत चिंध्या काढल्या आणि काचेवर आडव्या उभ्या चिकटवल्या. रोसमिराने बघितलं आणि म्हणाली, “एवढी चकचकीत केली होती आणि तू ठिगळं लावलीस?” तिला काही सांगितलं नाही. एकीला खुळी म्हटलं गेलंय तेवढं पुरे.

अरिस्तोबुलोला गुळाचं आधीच कळलं असणार, सांगितल्यावर दचकलासुद्धा नाही. दिवसभर बाटल्यांसमोरच तर बसलेला असतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ग्वामोचा बहर ओसरतोय म्हणे. सकाळी दोघे आले, दुपारपर्यंत पाच. मी कॅलेंडरकडे बघितलंही नाही, कारण सकाळपासून आमची जुंपली आहे.

दायरा म्हणते, बाटल्या त्याच्या उजव्या बाजूला टांगा, म्हणजे तो मान वळवायला शिकेल. मी टांगल्या. त्याने काठीने ढोसून एक पाडली. “नको,” म्हणाला. हा चौथा शब्द, आणि आल्या आल्या कामाला लावला. मी म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी आहे. “नको.” मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. “आवे मारिया!” मी म्हटलं, हट्टी खेचरा, तीन महिने तुझं सगळं करतेय ती मी, आणि ऐकायचं तुझं? “खुळे!” मी शिडी आपटली. त्याने काठी आपटली. चार शब्दांत हा माणूस माझ्याशी अर्धा तास भांडला आणि बाटली शेवटी डावीकडेच गेली.

मी स्वयंपाकघरात येऊन ही वही उघडून बसले. रोसमिरा कुंपण ओलांडून धावत आली, केसांत अजून रोलर होते.

“काय गोंधळ आहे वहिनी? मला वाटलं काही झालं! कोण ओरडतंय?”

“भांडतोय.”

ती दारातच थांबली.

“दोघं?”

“दोघं.”